आख्यान आणि जाहीरनामा

पूर्वरंगात सिद्धांत मांडावा आणि उत्तररंगात आख्यान लावून तो श्रोत्यांच्या गळी उतरवावा, ही कीर्तनाची रीत ज्या मुलखाच्या अंगवळणी पडलेली आहे, त्याच मुलखात सार्वजनिक आरोग्याचा कारभार मात्र पूर्वरंगातच आटोपतो, आणि तोही हुकमाच्या भाषेत, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा रोग्याला घरातून उचलून इस्पितळात का नेतात, हे रयतेला पटेल अशा रीतीने कोणी सांगितले नाही. तेव्हा इस्पितळात माणसांची मोमियाई काढतात, ही कथा लोकांनी आपल्यापुरती रचली, आणि त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. पुढच्या वर्षीच्या साथरोग कायद्याने घरझडतीचा अधिकार दिला. विश्वास मिळवून देणे कायद्याच्या हाती नव्हते.

खानदेशालाही प्लेगने सोडले नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांच्या ओंकार या मुलाला प्लेगने गाठले आणि तो जन्माचा अपंग झाला. मात्र खेड्यापाड्यांत एक गोष्ट तोंडोतोंडी फिरत असे: धाब्याच्या घरात उंदीर पडला, म्हणजे आढ्यावरून गरगरत येऊन चुलीपाशी मेला, की भांडीकुंडी उचलावी आणि शेतात झोपडी घालावी. मेलेल्या उंदराचे अंग थंड होताच त्याच्यावरच्या पिसवा नवे ऊबदार शरीर शोधतात, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने 1898 साली कराचीत दाखवले. वैद्यकाच्या दरबारात त्याला कित्येक वर्षे दाद मिळाली नाही, आणि तोवर निरक्षर शेतकरी, कारण ठाऊक नसतानाही, योग्य वेळी घर सोडत होता. त्या गोष्टीत खूण होती, तिचा अर्थ होता आणि लगेच करायची कृती होती. सरकारी पत्रकात बहुधा यांतले तिसरेच तेवढे असते.

अर्थात गोष्ट ही जात्याच सत्यवादी असते, असे मानण्याचा भाबडेपणा करू नये. देवीच्या रोगाची कथा रोग्याला कडुलिंबाच्या पाल्यावर शांत निजवी, हा तिचा गुण. पण आईचा कोप होईल म्हणून हीच कथा टोचणाऱ्याला दारातून परतही लावी. म्हणून सांगणारा कोण, याला मोल आहे. गाडगेबाबा (1876–1956) दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहून श्रोत्यांना प्रश्न विचारीत. ज्याने आपले गटार उपसले त्याला उत्तर देणे गावाला भागच पडे.

आज हा प्रश्न सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांत, सिकलसेलच्या रूपाने उभा आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी निपजण्याची शक्यता चारांत एक असते. परंतु तक्त्यावरची चार बाळांची चित्रे पाहून ‘एक आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप’ असा अर्थ कोणी काढला, तर दोष ऐकणाऱ्याचा नव्हे. प्रत्येक खेपेला फासे नव्याने पडतात, ही गोष्ट पावरीत आणि अहिराणीत, लग्न ठरण्यापूर्वी, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवून सांगावी लागेल.

तेव्हा जळगाव-धुळ्याच्या जिल्हा परिषदांना माझी विनंती एवढीच, की पुढचा तक्ता छापखान्यात धाडण्यापूर्वी तो त्या पाड्यांवरच्या एखाद्या आजीला वाचून दाखवावा, आणि तिने तो शेजारणीला आपल्या शब्दांत नीट सांगितला, तरच छापावा.