ओंजळीतला मासा आणि बोडीतला गवत्या



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, आठवा स्कंध, अध्याय २४. मत्स्यावताराची कथा.

आजचा प्रश्न: मासा न खाणारा तो माशाचा कैवारी आणि मासा धरणारा तो वैरी, हे इतकं सोपं आहे का?

आधी कथा थोडक्यात. राजा सत्यव्रत कृतमाला नदीत तर्पण करत असतो. ओंजळीत एक इवलासा मासा येतो. राजा त्याला परत नदीत सोडतो. आपणही तेच केलं असतं, वर पुण्य केल्याचं समाधान मानलं असतं. पण मासा म्हणतो, इथले मोठे मासे मला खातील, मला टाकून जाऊ नकोस. राजा त्याला कलशात ठेवून आश्रमात आणतो. एका रात्रीत कलश अपुरा पडतो. मग रांजण, मग सरोवर, सगळंच अपुरं. शेवटी समुद्र. तिथेही मासा तेच म्हणतो, मला इथे सोडून जाऊ नकोस. तेव्हा राजाच्या लक्षात येतं की समोर कोण आहे.

या कथेत आपण प्रलय आणि नाव लक्षात ठेवतो. माझं मन मात्र प्रत्येक वेळी त्या भांड्यांपाशी अडतं. राजानं दया एकदाच केली, पण तिची जबाबदारी रोज वाढत गेली. कलशात पाणी भरलं, काम झालं, असं त्याला म्हणता आलं नाही. एकदा जीव आपल्या हातात घेतला की त्याला लागणारी जागाही आपल्याकडेच लागते.

आता माझ्या गावाकडे येतो. नोकरी पुण्यात असली तरी गाव कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. गावाजवळून सती नदी वाहते, तिचं पाणी शेवटी वैनगंगेला मिळतं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे आमच्याकडे मासा म्हणजे नदीचा, तलावाचा, नाहीतर बोडीचा. बोडी म्हणजे शेताजवळचं छोटं तळं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात, सुमारे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी, त्यातले बरेचसे कोहळी समाजानं धानाच्या शेतीसाठी बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मासेमारी मुख्यतः ढिवर समाजाची. आज त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्यानं घेतात.

या तलावांत एक पाहुणा आहे, गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प. मूळचा चीनकडच्या मोठ्या नद्यांचा. १९५९ मध्ये तो हाँगकाँगहून भारतात आणला गेला. नावाप्रमाणे तो पाणवनस्पती खातो. तोंडात दात नाहीत, घशात आहेत, त्यांनीच तो चारा कापतो. मनासारखं पाणी असलं तर दिवसाला जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका चारा फस्त करतो. त्यातलं बरंचसं न पचता बाहेर पडतं आणि पाण्याला खत मिळतं. त्या खतावर सूक्ष्म शेवाळ वाढतं, ते इतर मासे खातात. म्हणून कटला, रोहू, मृगल यांच्या जोडीला चंदेरा आणि गवत्या सोडायची पद्धत आली. कागदावर हिशोब एकदम बरोबर: तण साफ, मासा मोठा, पैसा हातात.

आम्ही इंजिनिअर लोक अशा डिझाइनच्या प्रेमात लगेच पडतो. पण या हिशोबात एक रकाना सुटला होता. तलावातलं गवत म्हणजे नुसतं तण नव्हे. मरळ मासा याच वनस्पतींच्या आडोशाला घरटं करतो आणि पिलं बाहेर आल्यावरही त्यांची राखण करतो. बारीकसारीक गावठी मासे इथेच अंडी घालतात, पाणपक्षी इथेच चरतात. हे सगळं आपोआप होत आलेलं. गवत्या आणि रोहूसारखे मासे मात्र साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं. शोध मोठाच, त्यानं असंख्य ताटांत मासा पोचवला. पण तलावाच्या बाजूनं पाहिलं तर दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडायची वेळ आली. फुकट चालणाऱ्या गोष्टीला सबस्क्रिप्शन लागलं म्हणा ना!

मग दोष गवत्याचा का? बिलकुल नाही. त्यानं आपला स्वभाव पाळला. खायला आणलं म्हणून खाल्लं. कलशात ठेवायचं आपण ठरवलं, कलश केवढा आहे हे पाहायचं कामही आपलंच होतं. गीता सांगते की यज्ञाचं चक्र देण्याघेण्यावर चालतं, आणि जो नुसतं घेतो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. तलावाकडून घेतलं, तर तलावाला काय परत दिलं?

याचं उत्तर मला आमच्या शेजारच्याच भागात सापडतं. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाच्या साथीनं तलावांवर काम केलं. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा राहतो, कोण कुठे अंडी घालतो, हे ज्ञान ढिवरांकडे होतंच. माजलेली बेशरम उपटून काढली आणि स्थानिक पाणवनस्पती हातानं लावल्या. धानाची रोवणी करतात तशी पाण्यातल्या गवताची रोवणी! जिथे गवत रुजवायचं, तिथे गवत्याला आवरावंच लागतं. पण ज्यांचा आडोसा गेला होता, त्या गावठी माशांना घर परत मिळतं.

आता सुरुवातीचा प्रश्न परत विचारू. हे काम करणारी माणसं मासे धरतात, विकतात, खातात. आपल्यातले अनेक जण गळ्यात माळ घालतात आणि मासा खात नाहीत. मी स्वतः खात नाही. ते व्रत खरं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. अहिंसेची सुरुवात ताटापासून होते, ती व्हावीच. पण ताटापाशीच ती संपली तर? देहूला इंद्रायणीच्या काठी आपण माशांना कणकेच्या गोळ्या घालतो, हात जोडतो. त्याच इंद्रायणीत पिंपरी-चिंचवड परिसरातलं सांडपाणी जातं आणि आळंदीजवळ नदी फेसाळते. ते पाणी आपल्याच बेसिनमधून, आपल्याच वॉशिंग मशीनमधून गेलेलं असतं. एका हातानं कणीक आणि दुसऱ्या हातानं फेस. माशानं यातलं कुठलं दान मोजावं?

महाभारतात धर्मव्याधाची कथा आहे. मिथिलेतला मांस विकणारा माणूस, आणि त्याच्याकडे धर्म शिकायला आलेला कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण. ती कथा मांस विकण्याची वकिली करत नाही. धर्म कोणाकडून शिकायचा याबाबतीतला अहंकार ती उतरवते. पाण्याचा धर्म मला ढिवरांकडून शिकावा लागेल, हे मान्य करताना माझी माळ मला अडवत नाही. उलट तिनं मला तिथे न्यायला हवं.

आणि कथेतली ती नाव आठवा. प्रलय येणार म्हणून भगवंत सत्यव्रताला सांगतात, नावेत सप्तर्षींना घे, आणि सगळ्या औषधी आणि बीजंही घे. म्हणजे वनस्पतीसुद्धा! मत्स्यरूपातल्या देवाला गवताची काळजी आहे. मासा वाचवायचा तर त्याचं पाणी आणि पाण्यातलं गवतही वाचवावं लागतं, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

आजचं मनन: मी ज्या जिवावर दया करतो असं मला वाटतं, त्याला लागणाऱ्या जागेचं काय?

आजचा छोटा संकल्प: घरातला फिशटँकचा मासा कंटाळा आला म्हणून, किंवा पुण्य म्हणून, नदीत वा तळ्यात सोडायचा नाही. तो तिथला नाही, आणि तिथल्यांचं घर तो मोडू शकतो. आणि आपल्या सोसायटीचं सांडपाणी नेमकं कुठे जातं, हे या आठवड्यात एकदा विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत विचारायचं.

उद्या याच अध्यायाचा पुढचा भाग वाचू.

राम कृष्ण हरि!