दहा होड्यांचा सौदा

खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात एक म्हातारा सुतार होड्या बांधायचा. हाताखाली चार पोरं होती. वाकस, पटाशी, सामता एवढ्या हत्यारांवर त्यांचं काम चाले. सांधे चंद्रुसात भिजवलेल्या कापसाने भरताना म्हातारा पोरांना बोट लावून दाखवायचा, पाणी नेमकं कुठून शिरतं ते.

एका वैशाखात वादळ आलं आणि गावातल्या दहा होड्या फुटल्या. गावकी बसली. सुतार म्हणाला, "नारळी पौर्णिमेपर्यंत तीन देईन. बाकीच्यांना दोन वर्षं लागतील." तेवढ्यात दूरच्या बंदरातला एक व्यापारी आला. त्याचा भाव रुपयामागे चार आण्यांनी कमी होता आणि दहाच्या दहा होड्या नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर लावायची त्याने हमी दिली. पाटलाने होकार दिला. त्यात त्याचा स्वतःचा काही लाभ नव्हता. गावाचे पैसे वाचावेत आणि माणसं लवकर दर्यावर जावीत, एवढाच त्याचा विचार होता.

होड्या वेळेवर आल्या आणि चांगल्याही निघाल्या. व्यापाऱ्याने फसवलं नव्हतं.

पण सुतार होडी बांधायचा तेव्हा तिचा पैसा गावातच फिरत असे. लाकूडवाला, खिळे घडणारा लोहार, कापूस पिंजणारी बाई, पोरांची शाळा, चहाची टपरी, सगळ्यांच्या हाताला त्यातलं काही ना काही लागे. या वेळी दहा होड्यांचा सगळा पैसा एकाच दिवशी खाडीपलीकडे गेला. सुताराच्या पोरांपैकी एक गोदामात ओझी उचलायला लागला, दुसरा सोसायटीच्या फाटकावर रखवालदार झाला, बाकीचे दोघे परमुलखात गेले. म्हातारा दोन वर्षांनी वारला. त्याच्या हातात जे होतं ते शिकणारं त्या वेळी कुणी जवळ नव्हतं.

मग एका होडीचा तळ फुटला. गावात कुणालाच तो जोडता येईना. होडी परत त्या बंदरात न्यावी लागली आणि मासळीचा हंगाम तिथे ताटकळत गेला. पुढे गावाला आणखी दहा होड्या लागल्या, तेव्हा व्यापाऱ्याने भाव दीडपट सांगितला. दुसरीकडे जायला जागाच उरली नव्हती.

गावकी पुन्हा बसली. मासळी विकणारी एक आजी मागे बसली होती. ती म्हणाली, "पाटला, होड्या बाहेरून घेतल्यास त्याचं काही नाही, गरज होती. पण दहा होड्यांचं काम देताना त्याच्याकडून कसब मागून घ्यायला हवं होतंस. माल घेतलास आणि कसब तिकडेच ठेवून आलास. या खेपेला दोन होड्या त्याच्याकडे बांधू देत, आठ आपल्या किनाऱ्यावर. त्याचा कारागीर इथे येऊन राहील, हात आपल्या पोरांचे लागतील."

व्यापारी आधी कुरकुरला. पण दहा होड्यांचं काम कोण सोडतो? तो तयार झाला. किनाऱ्यावरची पहिली होडी बांधायला फार वेळ लागला. चौथी बरी झाली, आठवी व्यापाऱ्याच्या होडीच्या तोडीची.

ही गोष्ट मी रचलेली आहे, पण तिच्यातला सौदा नवी मुंबईने खरोखर पाहिला आहे. सिडकोने बांधलेली बेलापूर ते पेंधर ही 11.1 किलोमीटरची, 11 स्थानकांची मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 रोजी लोकांसाठी सुरू झाली. तिचे डबे चीनच्या सीआरआरसी झूझौ या कारखान्यात बनून समुद्रामार्गे आले. गाडी चांगली आहे, खारघरचे लोक खूश आहेत आणि त्यांनी असावंच. पण 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. जमिनी देणाऱ्यांच्या नातवंडांनी आयटीआयमधून फिटर, वेल्डरची प्रमाणपत्रं घेतली. पेंधरहून तळोजा एमआयडीसी जवळच आहे. एवढं असताना डबा जोडण्याचं काम या मुलांच्या वाट्याला आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचे आणि नागपूर मेट्रोचे डबेही चीनमधूनच आले होते.

आजीने सांगितलेला मार्ग आपल्या देशाने आधी चालून पाहिलेला आहे. इंग्रजांच्या काळात अजमेरच्या कारखान्यात 1895 साली इंजिन तयार झालं होतं. तरीही पुढची कित्येक दशकं बहुतेक इंजिनं विलायतेतून येत राहिली, कारण कामं तिकडेच दिली जात. स्वातंत्र्यानंतर चेन्नईतल्या पेरांबूरला स्विस कंपनीकडून डबे बांधायची विद्या घेऊन 1955 साली इंटिग्रल कोच फॅक्टरी उभी राहिली. मुंबईच्या कित्येक लोकल तिथेच बांधल्या गेल्या. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या गाड्या कोरियातून आल्या, पण कराराप्रमाणे पुढच्या गाड्या बंगळुरूच्या बीईएमएलने कोरियन कंपनीकडून शिकून बांधल्या. त्याच बीईएमएलला पुढे मुंबई मेट्रोच्या 2अ आणि 7 या मार्गिकांच्या गाड्यांचं काम मिळालं. जानेवारी 2021 मध्ये पहिली गाडी बंगळुरूहून चारकोपला आली आणि 2 एप्रिल 2022 च्या गुढीपाडव्याला या मार्गिकांचा पहिला टप्पा सुरू झाला. आठवी होडी बांधणारी पोरं प्रत्यक्षात अशी दिसतात. मुंबईच्या भुयारी मेट्रो-3 च्या गाड्या बनवणारी कंपनी फ्रेंच असली, तरी त्या गाड्या आंध्र प्रदेशातल्या श्रीसिटीत बांधल्या गेल्या. आपल्याकडे लातूरला रेल्वेचा डब्यांचा कारखाना उभा आहे आणि तिथे डिसेंबर 2020 मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला.

या गोष्टीला दुसरा किनाराही आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने आपल्या 75 लोकल गाड्यांचं काम बॉम्बार्डिअर या कंपनीला दिलं आणि त्या गुजरातमधल्या सावली इथे बांधल्या गेल्या. सावलीच्या कामगारांना रोजगार मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण क्वीन्सलँडमध्येच शंभराहून अधिक वर्षं गाड्या बांधणाऱ्या मेरीबरो गावाच्या हातचं काम गेलं. पुढे त्या गाड्यांमध्ये अपंग प्रवाशांच्या सोयी नियमाप्रमाणे नसल्याचं आढळलं. हा दोष सावलीच्या कामगारांचा नव्हता. मागणीपत्रात आणि आराखड्यातच तो राहून गेला होता. दुरुस्ती मात्र मेरीबरोच्याच कारागिरांनी केली आणि आता तिथल्या सरकारने नव्या 65 गाड्या मेरीबरोजवळच बांधायचं ठरवलं आहे. मेरीबरोच्या फिटरचं दुःख आणि तळोजाच्या फिटरचं दुःख मला वेगळं वाटत नाही. म्हणून परदेशी कंपन्यांना दारच बंद करा, असं मी म्हणणार नाही. तसं केलं असतं तर पेरांबूर उभं राहिलं नसतं.

नवी मुंबईच्या नव्या विमानतळाला मुंबईच्या विमानतळाशी जोडणारी मेट्रो-8 आखली गेली आहे. तिला गाड्या लागतील, निविदाही निघेल. किती डबे महाराष्ट्रात बांधले जाणार, सुटे भाग कुठून येणार आणि आपल्या आयटीआयची किती मुलं त्या कामावर शिकणार, हे आपल्या आमदार-खासदारांना आणि सरकारला आत्ताच विचारा. करारावर सह्या झाल्यानंतर त्यात एकतर्फी नवी अट घालता येत नाही.