हृदयाचे कप्पे आणि हेतूचा प्रश्न

मानवी हृदयाच्या चार कप्प्यांपैकी वरच्या दोन अलिंदांच्या भिंती पातळ असतात. त्यांना आलेले रक्त लगतच्या खालच्या कप्प्यात, म्हणजे निलयात, उतरवायचे असते आणि त्यातले बरेचसे ती आकुंचन पावण्यापूर्वीच खाली गेलेले असते. निलयांचे काम जड. उजवा निलय रक्त जवळच्या फुप्फुसांकडे ढकलतो. त्याला पाऱ्याचा सुमारे २५ मिलिमीटर दाब पुरतो. डावा निलय तेवढेच रक्त, विश्रांतीत दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, सर्व शरीरात पाठवतो आणि त्यासाठी १२० मिलिमीटरपर्यंत दाब उभा करतो. त्याची भिंत उजव्याच्या जवळपास तिप्पट जाड असते.

इतका चोख मेळ कोणी जाणून घातला असेल का? जे कार्य आहे त्याला जाणता कर्ता असलाच पाहिजे, असे न्यायदर्शनात उदयनाचार्यांनी मांडले. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचे मत वेगळे: वासराच्या पोषणासाठी अचेतन दूध वाहते, तशी प्रकृतीही कोणी न चालवता हेतू साधते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दाखला खोडला. दूध वाहते ते चेतन गाईच्या वात्सल्यामुळे, असे त्यांचे उत्तर.

या वादात गर्भाच्या हृदयाची साक्ष फार मोलाची आहे. गर्भाची फुप्फुसे श्वास घेत नाहीत. बहुतेक रक्त अलिंदांमधल्या छिद्रातून आणि फुप्फुस धमनीला महाधमनीशी जोडणाऱ्या वाहिनीतून त्यांना वळसा घालते. दोन्ही निलयांवर साधारण सारखाच भार असल्याने त्यांच्या भिंतीही जवळजवळ सारख्या जाडीच्या असतात. जन्मानंतर फुप्फुसांतील रोध घटतो, डाव्या निलयावर जास्त दाबाचे काम येते आणि त्याचीच भिंत पुढे जाड होत जाते. म्हणजे ही तिप्पट जाडी आधीच मोजून दिलेली नसते. भार पेलता पेलता स्नायू ती घडवतो, आणि त्यासाठी त्याला काही जाणावे लागत नाही. इथे सांख्यांचे पारडे निश्चित जड होते.

भाराला असा प्रतिसाद देण्याची शक्ती स्नायूत आली कोठून, हे नैयायिक तरीही विचारू शकतो. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त तिची घडण कर्त्याविना समजावतो. निसर्गनियमांमागे कोण, हा प्रश्न मात्र शरीररचनेच्या आवाक्याबाहेरचा आहे. पण सर्वज्ञ कर्ता मानणाऱ्याला आणखी एका गोष्टीचे उत्तर द्यावे लागते. फुप्फुसांतील रक्तदाब दीर्घकाळ वाढला की उजवा निलयही जाड होतो. काही काळ तो निभावतो, मग फैलावून दुबळा पडतो. उर्वरित शरीरातील रक्तदाब वाढल्यास डाव्या निलयाची भिंत आणखी जाड व ताठर होते आणि तो नीट भरेनासा होतो. नवजात अर्भकाला तारणारा प्रतिसाद प्रौढ वयात असा घातक ठरतो.