हिशेबाच्या आधी

यवतमाळच्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांना विचारावं, सुखी कसं राहायचं, तर उपदेश सहसा मिळत नाही. “पयले जेवून घे, मंग बोलू,” एवढंच ऐकू येतं. हे विषय टाळणं नव्हे. त्यांचं सगळं शहाणपण या क्रमात आहे. आनंद आधी, हिशेब नंतर.

सीतादही पाहिली की हे उमगतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी येते. तेव्हा शेतात पराटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, पूजा होते, दही-भाताचा नैवेद्य दाखवतात, आणि घरची, शेजारची, वेचायला आलेली माणसं धुऱ्यावर एकत्र जेवतात. त्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती काय असतं? बोंडं नुकती फुटू लागलेली. भाव कळायचा आहे. कृषी केंद्राची उधारी तशीच आहे. परतीचा पाऊस एका रात्रीत झाडावरचा कापूस नासवू शकतो. तरी सण त्याच दिवशी. पोळासुद्धा श्रावणातल्या अमावास्येला, पराटी अजून हिरवी असतानाच. कापूस विकून पैसे मोजल्यावर करायचा सण मला तरी आठवत नाही.

यात भाबडेपणा नाही. कोरडवाहूवर आयुष्य काढलेल्यांना पक्कं ठाऊक असतं की हिशेब बहुतेक वर्षी जुळणार नाही. आनंद त्याच्या भरवशावर ठेवला तर तो यायचाच नाही. सरकारच्या एकाधिकार खरेदीत कापूस घालून चुकाऱ्याची वाट पाहणारी, पुढे बीटी बियाण्याची आशा आणि गुलाबी बोंडअळी दोन्ही पाहिलेली ही पिढी आहे.

मात्र आनंदी म्हातारा म्हणजे मुकाट सोसणारा, असं कुणी समजू नये. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या नावाची लोककवनं ऐकावीत. बैल रांगेनं उभे असतात आणि साऱ्या गावासमोर खड्या आवाजात सावकाराचा, सरकारचा, पडलेल्या भावाचा समाचार घेतला जातो; मग पोळा फुटतो. सणाच्या दिवशी दुःख घरात कोंडून ठेवायचं नाही, चारचौघांत बोलायचं, हेही त्यांच्याच शिकवणीतलं.

म्हाताऱ्यांच्या या शहाणपणानं शेतीचा प्रश्न सुटतो, असं मी म्हणणार नाही. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यांच्या आठवणीत 2017 पासून या तारखेला अनेक जण अन्नत्याग करतात. हमीभाव, कर्ज, पाणी यांची उत्तरं सरकारनंच द्यायची आहेत. ती आजीच्या सल्ल्यावर ढकलणं हा तिच्यावरही अन्याय आहे.

पण हिशेब चुकलेल्या वर्षी माणूस एकटा पडू नये, याची तजवीज धुऱ्यावरच्या त्या जेवणात असते. हार्वर्ड विद्यापीठाशी जोडलेला एक अभ्यास 1938 पासून चालू आहे. सुखाच्या मुळाशी जिव्हाळ्याची नाती असतात, हेच त्यातूनही पुढे आलं.

आता वेचणी किलोवर दिली जाते. जेवणात गेलेला वेळ मजुरीतून जातो, म्हणून सीतादही घाईत उरकतात, कुठे सोडूनच देतात. भाव चांगला मिळाला की मोठं जेवण घालू, असं तरुण म्हणतात. त्यांचा हेतू खोटा नाही. पण भाव हाती येईतो वेचणारी बाई दुसऱ्याच्या शेतात गेलेली असते. स्वतःची जमीन नसलेल्या तिला मजुरीपलीकडे या पिकात वाटा होता तो त्या दही-भाताचाच, आणि सण पुढे ढकलला की पहिला तोच जातो.