विशेषज्ञता आणि स्वधर्म

वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला किंवा एखाद्या कारखान्याच्या भांडारात काही वर्षे काढलेला तरुण जेव्हा एसएपी ही उद्योगांचे व्यवहार सांभाळणारी संगणक-प्रणाली शिकण्यासाठी पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणवर्गात येतो, तेव्हा वित्तलेख्याचे एफआय हे मॉड्यूल घ्यावे की साहित्य-व्यवस्थापनाचे एमएम, की सरळ तिच्या अबॅप या भाषेतील प्रोग्रॅमिंग पत्करावे, या त्याच्या विचारणेला बहुधा एकच रूप असते : कशाला स्कोप आहे? प्रश्न उपजीविकेचा आहे आणि म्हणून आदरास पात्र आहे. परंतु मनुष्याने आपले कर्म कोणत्या कसोटीवर पत्करावे, हा गीतेइतका जुना प्रश्नही त्याच्याच पोटात आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी लिहून घेतली, त्यांत स्वधर्म शोधावा लागत नाही, तो सहजप्राप्त असतो, असे प्रतिपादन आहे. मॉड्यूल घेऊन कोणी जन्मास येत नाही, आणि जन्म हीच कसोटी मानून या देशात कित्येकांना शतकानुशतके विद्येपासून वंचित ठेवले गेले, हे स्मरता त्या शब्दाविषयी मन साशंक होणे रास्तच आहे. तथापि जन्माचा आग्रह बाजूस ठेवला, तरी त्या विचारातले एक सत्य शिल्लक राहते : आपण ज्या कामात वाढलो, ज्याचे मर्म आपल्या हातांनी जाणले, त्या कामाचे आपल्यावर ऋण असते.

ज्याने भांडारात माल उतरवून घेतला आहे, त्याला खरेदी-आदेश, मालाची आवक आणि पुरवठादाराचे बिल या तिहींचा मेळ हा केवळ उपचार वाटत नाही. परिमाणात वा दरात ठरलेल्या मर्यादेबाहेर तफावत निघाली की बिल अदा होण्यापूर्वीच अडते, आणि ते अडले म्हणजे कोण्या लहान कारखानदाराच्या कामगारांचा पगार लांबू शकतो, हे त्याला दिसते. ज्याने खतावणी लिहिली आहे, त्याला नावे आणि जमा समान झाल्यावाचून प्रणाली नोंद का स्वीकारीत नाही, आणि एकदा दाखल झालेली नोंद पुसता न येता उलट नोंदीनेच का फिरवावी लागते, हे निराळे शिकवावे लागत नाही. या जाणिवेलाच मी अधिकार म्हणतो.

बाजाराच्या अनुमानाचा आधार याहून पुष्कळच कच्चा आहे. १९७२ साली आयबीएम सोडून आलेल्या पाच जणांनी जर्मनीत एसएपी कंपनीची स्थापना केली. १९९२ साली तिची आर/३ ही प्रणाली आली. आणि २०१५ साली एस/४ हाना ही तिची पुढची प्रणाली आली, तेव्हा वित्तलेखा आणि खर्चनियंत्रण यांच्या पूर्वी पृथक राहिलेल्या नोंदी एकाच रोजकीर्दीत विलीन होऊन दोन विशेषज्ञतांमधली सीमारेषाच पुसट झाली. ज्याने केवळ पडदे पाठ केले होते, त्याचे ज्ञान त्या स्थित्यंतराने जुने ठरविले. जमाखर्चाचे तत्त्व ज्याला कळले होते, त्याला फक्त नवे पडदे शिकावे लागले.

कर्जाचा हप्ता ज्याच्या शिरावर आहे त्याने मागणीकडे पाठ फिरवावी, असे गीता सांगत नाही. लोकमान्यांनी तिच्यातून उलगडलेला कर्मयोगही अविचाराचा पुरस्कार करीत नाही. निर्वाह होईल अशा मार्गांची यादी बाजाराला करू द्यावी. परंतु त्यांतून एक निवडताना, मागणीचा चढउतार आपल्या स्वाधीन नाही आणि कामातली निष्ठा मात्र पूर्णतः आपल्या स्वाधीन आहे, हे ध्यानी घेऊन आपल्या अधिकाराचे काम पत्करावे, आणि ज्याचे हित आपल्या नोंदीवर अवलंबून आहे त्या अनोळखी माणसाशी इमान राखावे. निवडीच्या क्षणी ते केवळ एक काम असते. त्याचा स्वधर्म होतो तो अशा इमानाने.