कुत्र्याचे दात, डोळे आणि भूतदयेची व्याप्ती

पाळलेल्या कुत्र्याला भाकरी घातली की माणसाचे कर्तव्य संपते का? की त्याच्या दातांवर किटण चढले आहे, डोळ्यांच्या कोपऱ्यात चिपडे साठले आहे, हे पाहणेही त्याच कर्तव्यात येते? पहिल्या प्रश्नाचा विचार आपल्या धर्मपरंपरांनी फार पूर्वीपासून केला. दुसऱ्याकडे त्या सहसा वळल्या नाहीत. घास दुरून टाकता येतो. दात घासायचे तर बोट कुत्र्याच्या ओठाआड न्यावे लागते. तोंड म्हणजे लाळ, आणि लाळ म्हणजे विटाळ. त्यामुळे वरवर घरगुती दिसणारे हे काम दया आणि शुचिता यांच्या नेमक्या सीमेवर येऊन बसते.

धाराशिव जिल्ह्यात कुत्रा देवघरापर्यंत पोचलेला आहे. तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्ग ही खंडोबाची दोन ठाणी. देवाची मूर्ती एकच. वर्षातले सव्वादहा महिने ती अणदूरला असते आणि पावणेदोन महिने बोरी नदीकाठच्या नळदुर्गला, म्हणजे मैलारपुरात. खंडोबा हा मार्तंडभैरव, आणि भैरवाचे वाहन कुत्रा. घराघरांतल्या खंडोबाच्या टाकांवर घोड्यावर बसलेले देव-म्हाळसा असतात आणि पुष्कळदा घोड्याच्या पायाशी कुत्राही कोरलेला असतो. चंपाषष्ठीला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य झाला की त्यातला घास कुत्र्याला घालण्याची चाल अनेक घरांत आहे. वाघ्यांची परंपरा तर याहून पुढे गेली. जुन्या आचारात वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा मानून भुंकत असे आणि कोटंब्यातला प्रसाद हात न लावता तोंडाने खात असे. एरवी अशुद्ध ठरवलेले कुत्र्याचे तोंड इथे भक्तीची रीत झाले. महाराष्ट्राच्या धर्मजीवनातली ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

तरीही या सन्मानात एक उणीव राहते. टाकावरचा कुत्रा देवाबरोबर न्हातो, सणासुदीला घासून उजळला जातो. दारातल्या जिवंत कुत्र्याच्या वाट्याला वर्षातून एकदा नैवेद्य येतो आणि एरवी उरलेले शिळेपाके.

या अंतराला शास्त्राचाही आधार आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने कुत्र्यांसाठी अन्नाचा भाग जमिनीवर हळूच ठेवावा, असे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे श्राद्धाला बसलेल्या ब्राह्मणांवर कुत्र्याची नजर पडू नये, असेही बजावले आहे. म्हणजे अन्न द्यावे, पण जवळ करू नये. या दोन्ही ठिकाणी कुत्र्याच्या जोडीला माणसेही आहेत: पतित, श्वपच, चांडाळ. कुत्र्याला दूर ठेवणारा नियम आणि माणसाला दूर ठेवणारा नियम एकाच हाताने लिहिले गेले, हे विसरून भूतदयेची चर्चा करणे अप्रामाणिक होईल. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोकही ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांची नावे एका ओळीत घेतो, परंतु ज्ञानी माणूस या सर्वांकडे समदृष्टीने पाहतो असे तिथे म्हटले आहे. ही समदृष्टी ध्यानात बसून साधणे एक वेळ सोपे आहे. समोरच्या प्राण्याच्या दुखऱ्या हिरडीपर्यंत ती पोचते का, हे पाहणे अवघड आहे.

या वाटेवरचे मोठे पाऊल वारकरी संतांच्या कथांत सापडते, आणि त्या कथेची एक कडी या जिल्ह्यातली आहे. तेरणेकाठच्या तेरचे गोरोबाकाका कुंभार. मडकी तपासण्याच्या थापटण्याने त्यांनी जमलेल्या संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही आख्यायिका मराठी माणसाला पाठ आहे. त्यानंतर नामदेव औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबांचा उपदेश पचल्याची खूण म्हणून परंपरा जो प्रसंग सांगते तो असा: कुत्र्याने नामदेवांची भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याला लागेल, एवढीच त्यांची काळजी. कीर्तनात या कथेचा भर कुत्र्यात विठ्ठल दिसण्यावर असतो आणि तो योग्यच आहे. पण तुपाची वाटीही तितकीच महत्त्वाची आहे. भाकरी देऊन, किंवा गमावून, नामदेव थांबले नाहीत. ती खाणाऱ्याच्या घशाचे काय होईल इकडे त्यांचे लक्ष गेले. दानात देणाऱ्याची नजर दिलेल्या वस्तूवर असते, सेवेत ती घेणाऱ्याच्या शरीरावर जाते. दात आणि डोळ्यांची निगा याच दुसऱ्या प्रकारात मोडते.

आता प्रत्यक्ष शरीराकडे यावे. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात. पिलाचे दुधाचे 28 दात पडून साधारण सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत कायमचे येतात. खाल्ल्यानंतर दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांतच तो कडक होऊ लागतो आणि त्याचे पिवळट-तपकिरी किटण बनते. वरच्या मोठ्या दाढांच्या बाहेरच्या अंगाला, जिथे लाळेची नळी उघडते, ते सर्वांत आधी दिसते. किटणाखाली हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते, हाड झिजते, दात हलतो. पुष्कळ कुत्र्यांत याची सुरुवात तिसऱ्या वर्षाच्या आतच झालेली असते. तोंडाची घाण ही कुत्र्याची जात नव्हे, हा रोग आहे. दात ठणकत असतानाही कुत्रा बहुधा खाणे सोडत नाही. फार तर एका बाजूने चावतो, तोंडातला तुकडा खाली पाडतो, तोंडाला हात लावू देत नाही. म्हणून दुखणे हाताने ओठ उचलून शोधावे लागते.

उपाय साधा आहे. मऊ ब्रश, नाहीतर बोटाला गुंडाळलेले ओले सुती फडके. ओठ वर करून दातांची बाहेरची बाजू हिरडीच्या कडेपासून हलकेच घासायची. आतल्या बाजूला कुत्र्याची जीभच फिरत असते. रोज केले तर उत्तम, निदान एक दिवसाआड तरी. माणसाची टूथपेस्ट वापरू नये. कुत्रा ती गिळतो, तिच्यातले फ्लोराइड त्याला बाधते आणि काही पेस्टमधले झायलिटॉल तर जीवघेणे ठरू शकते. कुत्र्यांसाठीची पेस्ट मिळते. ती नसेल तर नुसते पाणी पुरे. जुने किटण घरी खरवडू नये, ते काम पशुवैद्य भूल देऊन करतात. शिजवलेली हाडे चिरफाळतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. टणक हाडाने दाढ फुटते. दात साफ होतील म्हणून हाड टाकण्याची समजूत इथे सोडलेली बरी.

डोळ्यांच्या बाबतीत बालाघाटाच्या माळरानाला स्वतःचे एक संकट आहे: कुसळ. पावसाळा सरला की वाळलेल्या गवताची कुसळे मेंढरांमागे फिरणाऱ्या कुत्र्यांच्या कानांत, पंजांत आणि डोळ्यांत शिरतात. पापणीच्या आत, नाकाकडच्या कोपऱ्यात कुत्र्याला तिसरी पापणी असते. कुसळ तिच्यामागे अडकले तर बाहेरून दिसतही नाही. कुत्रा एकच डोळा मिटून धरतो, पंजाने चोळतो, डोळ्यातून पाणी गळते. बुबुळाला जखम झाली की पुढे फूल पडते. रोजची निगा मात्र सोपी आहे: उकळून थंड केलेले पाणी आणि कापूस. नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर पुसत जावे आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा. सुकलेले चिपडे ओढू नये, आधी भिजू द्यावे. पिवळा-हिरवा चिकट स्राव, लाली, निळसर-पांढरी झाक किंवा मिटलेला डोळा दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. घरात उरलेले माणसाचे थेंब टाकू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड असेल आणि बुबुळाला जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

हे करताना अहिंसेचा प्रश्न खुद्द कृतीतच उभा राहतो. कुत्र्याला यातले काही कळत नाही. त्याच्या लेखी कोणीतरी आपले तोंड जबरदस्तीने उघडते आहे. त्याच्या भल्यासाठी त्याला भिववणे कितपत योग्य? धाराशिव शहराजवळ पार्श्वनाथाच्या मूर्ती असलेली लेणी आहेत. ज्या परंपरेने ती जपली, त्या जैन विचारात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात सांगितले आहे. हा निकष इथे चांगला लागू पडतो. पहिले काही दिवस फक्त गालाला हात लावावा, मग ओठ उचलावा, मग एकच दात पुसावा. कुत्रा गुरगुरला की थांबावे. दोन माणसांनी दाबून धरून केलेली सफाई ही सेवा नाही. सावधपणाची दुसरी बाजू माणसाच्या रक्षणाची आहे. पिसाळीचा विषाणू लाळेत असतो. आपल्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचलेली हवी आणि अनोळखी कुत्र्याच्या तोंडात दयेपोटीही हात घालू नये. चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि लगेच लस घ्यावी.

लाळेच्या विटाळाचा प्रश्न इस्लाममध्येही आहे. कुत्र्याने चाटलेले भांडे सात वेळा धुवावे, असे हदीस सांगते. त्याच हदीस-संग्रहांत तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून पायातल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची कथा आहे, आणि त्या एका कृतीने त्याला क्षमा मिळाल्याचे सांगितले आहे. दोन्ही एकत्र वाचले की अर्थ उघड होतो: नियम धुण्याचा आहे, दुर्लक्ष करण्याचा नाही. बाराव्या शतकातला फार्सी कवी निजामी आणखी एक कथा सांगतो. बाजारात मेलेले कुत्रे पडले होते, लोक दुर्गंधीने नाक मुरडत होते. येशूने त्याच्या दातांची मोत्यासारखी शुभ्रता दाखवली. ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या दर्ग्याच्या धाराशिव शहरात, जिथे 1948 पर्यंत निजामाची राजवट आणि तिच्याबरोबर फार्सीचे संस्कार होते, ही कथा परकी वाटू नये. किळस हा विषयाचा शेवट मानायचा की त्यापलीकडे पाहायचे, एवढाच तिचा प्रश्न आहे.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप. पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत, जिथे माणसांच्याच दातांना दवाखाना मिळत नाही, तिथे कुत्र्याचे दात घासण्याची भाषा चैनीची नाही का? कोल्ह्या-लांडग्यांचे दात कोण घासते? दुसरा भाग आधी घेऊ. लांडगा पाळलेला नसतो. आपण कुत्र्याला दुधात कुस्करलेली भाकरी घालतो, त्याचे आयुष्य वाढवतो, त्याला राखणीला बांधतो. त्याच्या तोंडातले दुखणे बऱ्याच अंशी आपल्या सहवासातून आलेले असते. पहिल्या भागाला उत्तर खर्चाचे आहे: फडके, वाटीभर उकळलेले पाणी आणि थोडा वेळ. ज्याला हेही जमत नाही त्याने एकच कुत्रा पाळावा, दोन नकोत. 1926 साली अहमदाबादच्या मोकाट कुत्र्यांवरून वाद पेटला तेव्हा गांधीजींनी ‘यंग इंडिया’त जी लेखमाला लिहिली, तिचा रोख असाच होता. तुकडा फेकून पुण्य जोडणे त्यांना दया वाटत नव्हती. दया करायची तर प्राण्याची पूर्ण जबाबदारी घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्या वेळी कुत्रे मारण्याचे जे समर्थन केले ते पटवून घेणे कठीण आहे, पण घासापुरत्या दयेवरची त्यांची टीका खरी आहे. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमानेही, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याचे कल्याण पाहण्याचे आणि अनावश्यक वेदना टाळण्याचे कर्तव्य टाकले आहे.

ही जबाबदारी म्हातारपणी वाढते. सातव्या-आठव्या वर्षानंतर कुत्र्याच्या डोळ्यात निळसर धूसरपणा येतो. तो दर वेळी मोतीबिंदू नसतो आणि त्यात दृष्टी बरीचशी टिकते, तरी पशुवैद्याला एकदा दाखवावे. दृष्टी गेलीच तर कुत्रा वास आणि सवयीवर घर ओळखतो. म्हणून त्याचे पाण्याचे भांडे आणि अंथरूण हलवू नये, हात लावण्यापूर्वी नावाने हाक मारावी, अंगणातला हौद आणि उघडा खड्डा झाकावा. दात पडले असतील तर भाकरी भिजवून द्यावी. शेतराखणीच्या कामाचा उरला नाही म्हणून त्याला दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून येणे हा या साऱ्या विचाराचा भंग आहे. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराने सोबत आलेल्या कुत्र्यासाठी स्वर्गाचा रथ नाकारला, तो आश्रिताला टाकू नये या एकाच कारणाने. तो कुत्रा धर्म आहे हे त्याला तेव्हा माहीत नव्हते.