दाब कुठून येतो

गरम इंजिन सिग्नलला मंद चालत असताना डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो. गॅरेजमध्ये लगेच निदान होतं: ऑइल पंप गेला. कधी ते खरंही असतं. पण त्यामागे एक समजूत आहे, की तेलाचा दाब पंप तयार करतो.

पंप फक्त तेल ढकलतो. दाब येतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. शेतातल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब उडतं; मोटर मात्र तीच असते. इंजिनात अंगठ्याचं काम बेरिंगं करतात. क्रँक आणि बेरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी. तेवढ्यातून तेलाला वाट काढावी लागते, म्हणून मागे दाब धरला जातो आणि फिरणारा क्रँक तेलाच्या थरावर तरंगत राहतो.

ही फट झिजून वाढली की पंप धडधाकट असूनही दाब पडतो. पंपाचे रोटर झिजले तर तेल पंपातच मागे गळतं, आणि लक्षण तेच दिसतं. दिव्याला यातला फरक कळत नाही. पंप जिच्यातून तेल ओढतो ती जाळी गाळाने तुंबली, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला, तरी दिवा पेटतो. कधी त्याचा स्विचच बिघडलेला असतो. म्हणून आधी स्विच काढून तिथे प्रेशर गेज लावावा.

गेजवरही दाब कमीच दिसला, तर पंपापर्यंत जावं लागतं. उदाहरणार्थ, मारुती ८०० चा पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो. पुली, टायमिंग बेल्ट आणि खालचं तेलाचं चेंबर उतरवल्यावर तो हाती येतो. एवढी मजुरी करून नुसता पंप बदलायचा आणि चेंबर बंद करायचं, हे मला अजिबात पटत नाही. कनेक्टिंग रॉड समोरच असतात. एकाची कॅप दोन नट सोडून उतरवली की बेरिंग बघता येतं. ते गुळगुळीत असेल तर पंपावरचा संशय बळावतो. वरचा थर उडून खालचा धातू दिसत असेल, तर नव्या पंपाने दिवा कदाचित विझेल, पण बेरिंग झिजतच राहील.

नवा पंप कोरडा बसवू नये. आत हवा असली तर त्याला चेंबरमधून तेल ओढता येत नाही. रोटरांमध्ये तेल भरावं, इग्निशन तोडून स्टार्टरने थांबून थांबून इंजिन फिरवावं, आणि गेजचा काटा उचलल्यावरच ते सुरू करावं.